यॉर्क नदीचा गाळ आणि वाघोटनची खाडी

गंगेच्या काठी गाझीपूर येथे एक भव्य घुमटाकार स्मारक उभे आहे. आत पांढऱ्या संगमरवरावर एका इंग्रज सरदाराची प्रतिमा कोरलेली असून तिच्या दोन्ही बाजूंना एक हिंदू आणि एक मुसलमान शोकमग्न अवस्थेत दाखविले आहेत. हा सरदार म्हणजे लॉर्ड कॉर्नवॉलिस. ५ ऑक्टोबर १८०५ रोजी याच गावी तो मरण पावला. बंगालवर कायमधारा लादणारा, कंपनी सरकारातील वरिष्ठ जागांची दारे भारतीयांना बंद करणारा हा गव्हर्नर जनरल. त्याच्या जाण्याने गंगाकाठचे लोक खरोखर किती शोकाकुल झाले असतील, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही! तरीही ते स्मारक आज आपल्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तसे ते असण्याला आमची हरकत नाही. शत्रूची कबर हादेखील इतिहासाचा पुरावाच असतो.

याच कॉर्नवॉलिसचे दुसरे एक स्मारक सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आहे. ते कोणी बांधले नाही. यॉर्क नदीच्या तळाशी, हात बुडाला तर बोटे दिसणार नाहीत अशा गढूळ पाण्यात, त्याच्या आरमारी काफिल्यातील जहाजे गाळात रुतून पडली आहेत. त्यांतील बरीचशी त्याने स्वतःच्या हुकुमाने बुडविली. गेली कित्येक दशके पाणबुडे त्या नदीत उतरतात, चाचपडत फळ्या मोजतात, वर येऊन नकाशे काढतात आणि पुन्हा उतरतात. त्यांची ही चिकाटी आपल्या वाचकांना परिचित व्हावी, कारण तिच्याकडे पाहताना कोकणच्या किनाऱ्यावरील एका खाडीची आठवण टाळता येत नाही.

प्रथम प्रसंग काय होता ते पाहू. १७८१ साली अमेरिकन वसाहतींचे स्वातंत्र्ययुद्ध सातव्या वर्षात होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॉर्नवॉलिस आपले सैन्य घेऊन यॉर्कटाउन या छोट्या बंदरात आला. समुद्रमार्ग इंग्रजांच्या ताब्यात राहील आणि रसद मिळत राहील, या भरवशावर तो तेथे निर्धास्त होता. तो भरवसा ५ सप्टेंबर रोजी मोडला. चेसापीक उपसागराच्या तोंडाशी द ग्रास याच्या फ्रेंच आरमाराने अ‍ॅडमिरल ग्रेव्हजच्या इंग्रज आरमाराला अडविले आणि ग्रेव्हज न्यूयॉर्ककडे परतला. पाठीमागे नदी, पुढे वॉशिंग्टन आणि रोशांबो यांच्या संयुक्त फौजा आणि समुद्रावर फ्रेंच, अशा कात्रीत कॉर्नवॉलिस सापडला. फ्रेंच सैन्य होड्यांतून थेट किनाऱ्यावर उतरेल या भीतीने त्याने आपलीच मालवाहू जहाजे किनाऱ्यालगत ओळीने उभी करून, बुडाला भोके पाडून, तळाशी बसविली. पाण्यातला तट उभारण्याचाच तो प्रकार.

९ ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी भट्टीत लालभडक तापविलेले गोळे नदीतील जहाजांवर फेकले. ४४ तोफांची ‘शॅरन’ ही युद्धनौका पेटली, नांगर तुटून जळत जळत नदीच्या पलीकडील ग्लॉस्टरच्या बाजूला वाहत गेली आणि तेथे बुडाली. १६ ऑक्टोबरच्या रात्री होड्यांतून नदी ओलांडून निसटण्याचा कॉर्नवॉलिसचा प्रयत्न वादळाने उधळला. १९ तारखेला सात हजारांहून अधिक इंग्रज व जर्मन सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. आजाराचे कारण सांगून कॉर्नवॉलिस त्या सोहळ्याला स्वतः गेला नाही. तलवार देण्यासाठी त्याने ओहारा या दुय्यम अधिकाऱ्याला पाठविले.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच १७८१ सालच्या एप्रिलमध्ये आपल्या बोरघाटात काय घडले? वसई घेऊन पुण्यावर चालून निघालेला जनरल गॉडर्ड घाटमाथ्यापर्यंत आला, आणि नाना फडणवीसांच्या डावपेचांपुढे हतबल होऊन त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्या माघारीत इंग्रजांना पळता भुई थोडी केली. एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, इंग्रजी सत्तेला असे दोन तडाखे बसले. अमेरिकेत त्या वर्षातून एक राष्ट्र उभे राहिले. आपल्याकडे पुढल्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला आणि पस्तीस वर्षांनी, १८१७ मध्ये, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. शाळेच्या पुस्तकात यॉर्कटाउनला परिच्छेद मिळतो. बोरघाटाला एक ओळ मिळाली तरी भाग्य.

आणखी एक विचित्र योग सांगण्याजोगा आहे. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या परिसरातून, दाण्यावाचून आणि बैलांवाचून हवालदिल झालेली, वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून परतणारी एक इंग्रज फौज मराठ्यांच्या छावणीला येऊन मिळाली. मराठ्यांच्या बाजारात तिला धान्य मिळाले आणि ती तगली. त्या फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस होता, आणि तिला जगविणारे मराठे सरदार होते तेच हरिपंत आणि तेच परशुरामभाऊ, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी गॉडर्डला घाटाखाली लोटले होते! टिपूविरुद्धची ती आघाडी त्या काळच्या राजकारणात समर्थनीय होती असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. आम्ही त्या वादात येथे शिरत नाही. मात्र यॉर्कटाउनला हरलेला माणूस पुन्हा उभा कसा राहिला, याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच अंगणातून जातो, हे विसरून चालणार नाही.

आता त्या नदीकडे वळू. लढाई संपल्यावर फ्रेंचांनी काही जहाजे व सामान वर काढले. उरलेली नदीच्या हवाली झाली. दीडशे वर्षांनी, १९३४-३५ च्या सुमारास, तेथील राष्ट्रीय उद्यान खाते आणि मरीनर्स म्युझियम यांनी धातूचे शिरस्त्राण घातलेले पाणबुडे खाली उतरविले. तोफा, बाटल्या, नांगर, भांडी अशा पुष्कळ वस्तू वर आल्या आणि संग्रहालयात मांडल्या गेल्या. काम उत्साहाचे होते. पण कोणती वस्तू कोणत्या जहाजातून, कोणत्या कोपऱ्यातून निघाली याची पुरेशी नोंद झाली नाही. ज्या वस्तूचे स्थान हरवले तिचे अर्धे बोलणे बंद झाले. पुढे श्वसनाच्या नळकांड्या सर्वसामान्यांना मिळू लागल्या आणि हौशी लोक नदीत उतरून हाताला लागेल ते उचलून नेऊ लागले. घरातील दिवाणखान्यात अठराव्या शतकातील बाटली मांडण्याची हौस कोणाला नसते?

तेव्हा तेथील जाणत्यांनी वस्तू वाचविण्याआधी जागा वाचविली. १९७३ साली यॉर्कटाउनची बुडालेली जहाजे अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंदविली गेली. त्या सूचीत आलेले पाण्याखालचे ते पहिलेच स्थळ. १९७८ पासून जॉन ब्रॉडवॉटर यांच्या नेतृत्वाखाली व्हर्जिनिया राज्याने पद्धतशीर शोध हाती घेतला. लोखंडाचा माग काढणारी आणि ध्वनिलहरींनी तळाचे चित्र उमटविणारी उपकरणे होडीमागून ओढत नेऊन संशयास्पद जागा हेरायच्या आणि मग तेथे माणूस उतरवायचा, अशी ती पद्धत. अशा रीतीने नऊ जहाजांचे अवशेष निश्चित झाले. १९८० मध्ये ग्लॉस्टरच्या बाजूला सापडलेल्या जळक्या सांगाड्याची मापे इंग्लंडात जपून ठेवलेल्या नौदलाच्या कागदांशी ताडून पाहण्यात आली, आणि ती ‘शॅरन’ असल्याचे ठरले.

हे काम ज्यांनी केले त्यांच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करून पाहावी. निळ्या पाण्यातील रंगीत मासे आणि दूरदर्शनवरील चित्रफिती येथे नाहीत. नदीचे पाणी गाळाने भरलेले. अनेकदा स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. उन्हाळ्यात अंगाला डसणारे जेलीफिश. प्रवाह इतका की हातातील फीत सरळ राहत नाही. पाणबुडा बोटांनी फळीची कड शोधतो, तिच्यावरून हात फिरवीत पुढची कड गाठतो, दोन्हींतील अंतर मोजून पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर टिपतो आणि वेळ संपली की वर येतो. दुसरा जातो आणि तेच माप पुन्हा घेतो, कारण एकाच्या हातावर विश्वास ठेवून चालत नाही. दिवसभराच्या श्रमांतून कागदावर चार-सहा रेषा वाढतात. या कामात जयघोष नाही, छायाचित्र नाही, सत्कार नाही.

सांगाड्यांपैकी एक अधिक चांगला टिकलेला आढळला. त्याच्याभोवती १९८२ मध्ये पोलादी पत्र्यांचे उंच कुंपण नदीच्या तळात ठोकून एक प्रकारची टाकी तयार केली गेली. आतले पाणी गाळून स्वच्छ करण्यात आले, म्हणजे निदान डोळ्यांना काही दिसेल. किनाऱ्यापासून तेथवर धक्का बांधला गेला आणि सामान्य नागरिकही जाऊन ते काम पाहू लागले. हे उत्खनन १९८८ पर्यंत चालले. सहा वर्षे, एका जहाजासाठी! आणि ते जहाज कोणते? एखाद्या अ‍ॅडमिरलची युद्धनौका नव्हे. ‘बेट्सी’ नावाचे, १७७२ साली इंग्लंडच्या व्हाइटहेवन बंदरात बांधलेले, कोळसा वाहणारे एक साधे गलबत. सरकारने सैन्य आणि सामान वाहण्यासाठी ते भाड्याने घेतले होते. त्याच्या पोटात पिपांचे अवशेष आणि खलाशांच्या नित्य वापरातील वस्तू सापडल्या. बुडाशी पाणी आत घेण्यासाठी मुद्दाम कापलेले भोकही सापडले. कॉर्नवॉलिसच्या हुकुमाची ती जणू लाकडावर उमटलेली सही. कागदोपत्री असलेला प्रसंग वस्तूने सिद्ध झाला.

अशा सामान्य मालवाहू गलबतांची बांधणी कशी असे, याविषयी खुद्द इंग्लंडातही फारसे कागद उरलेले नाहीत. राजाच्या युद्धनौकांचे आराखडे जपले गेले. कोळशाच्या गलबताचा आराखडा कोण जपणार? सुतार वाडवडिलांच्या मापाने बांधीत. त्या सुतारांची विद्या आज कळते ती ‘बेट्सी’च्या फळ्यांवरून. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अमेरिकेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच यॉर्क नदीच्या काठी पोव्हॅटन या मूळ रहिवाशांच्या राजाची वेरोवोकोमोको ही राजधानी होती. तिचे उत्खनन सुरू व्हायला २००३ साल उजाडावे लागले. विजेत्यांची स्मृती किती निवडक असते याचे ते उदाहरणच आहे. शिवाय निधी आटल्यावर व्हर्जिनिया राज्याने पाण्याखालील पुरातत्त्वाचा उपक्रम गुंडाळला हेही खरे. पण राज्य थांबले तरी माणसे थांबली नाहीत. ब्रॉडवॉटर पुढे दुसऱ्या जबाबदाऱ्या सांभाळून निवृत्त झाले आणि २०१९ च्या सुमारास सहकाऱ्यांसह पुन्हा त्याच नदीत, राहिलेल्या जहाजांच्या मागावर, कामाला लागले. चाळीस वर्षांपूर्वी जेथे मोजमाप थांबले होते तेथून ते पुढे सुरू झाले. एखाद्या कार्याला जन्मभर चिकटून राहणे म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच या गृहस्थांविषयी आम्हांला आपलेपणा वाटतो.

आणि आता वाघोटन.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वाघोटन नदी समुद्राला मिळते त्या मुखावर विजयदुर्ग उभा आहे. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. खाडीत आत, गिर्ये गावाच्या बाजूला, मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. कान्होजी आंग्र्यांच्या आयुष्यभर आणि त्यांच्या पश्चातही या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि डच यांना मोकळा श्वास घेता आला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गासमोर आले. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, एकमेकांना लागून नांगरलेले होते. त्यात ‘रिस्टोरेशन’ हे पूर्वी इंग्रजांकडूनच हिसकावून घेतलेले जहाज होते. तोफेच्या माऱ्याने ते पेटले, आग एका गुराबेवरून दुसरीवर, गुराबेवरून गलबतांवर गेली आणि पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार जळून गेले. यॉर्कच्या पाण्यात ‘शॅरन’ पेटली त्याच्या पंचवीस वर्षे आधी वाघोटनच्या मुखाशी मराठ्यांचे समुद्रावरील सामर्थ्य असे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

येथे एक कटू सत्य आहे आणि ते आपल्या व्यासपीठांवर क्वचितच उच्चारले जाते. वॉटसन समुद्रावरून आला तेव्हा जमिनीवरून किल्ल्याला वेढा घालून बसलेली फौज पेशव्यांची होती. रामाजी महादेव हे नानासाहेब पेशव्यांचे सरदार, आणि इंग्रजांशी झालेला करार पुण्याच्या संमतीचा. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, छत्रपतींच्या राज्यातच त्याने स्वतंत्र सवता सुभा मांडला होता, ही बाजू खरी आहे. एकसंध राज्य चालवणाऱ्याला असा सुभेदार किती काळ सहन होईल? पण घरातील भांडण मिटविण्यासाठी परक्याची आग घरात आणली की ती आग भांडणापुरती थांबत नाही, हेही तितकेच खरे. किल्ला हाती आल्यावर तो पेशव्यांच्या स्वाधीन करण्यातही इंग्रजांनी पुष्कळ खळखळ केली. आमच्या मते नानासाहेबांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत महाग चूक होती. काही इतिहासप्रेमी मित्रांना हे मत रुचणार नाही. त्यांनी जरूर प्रतिवाद करावा.

प्रश्न असा की, त्या जळालेल्या आरमाराचे पुढे काय झाले? लाकडी जहाज पेटते तेव्हा ते पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. खालचा भाग पाणी भरून तळाशी जातो. ‘शॅरन’चे असेच झाले होते. गाळात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून गाळाखाली गेलेले लाकूड शतकानुशतके टिकू शकते. उघडे राहिलेले लाकूड समुद्री किडे पोखरून टाकतात. आपल्या उष्ण पाण्यात हे किडे अधिक जोमाने काम करतात, हे मान्य. इंग्रजांनी तोफा आणि उपयोगी सामान नेले असणार, हेही मान्य. तरीही गाळाखाली कणे, फासळ्या, खिळे, बुडाशी भरलेले नीरमाचे दगड, तोफगोळे यांतील काहीच उरले नसेल असे गृहीत धरण्याचा अधिकार, तेथे न शोधता, कोणालाच नाही. वाघोटनच्या मुखाचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासून त्या आरमाराच्या अवशेषांचा नकाशा प्रसिद्ध झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

हे का व्हायला हवे, असे कोणी विचारील. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून, माळ्यांवरची दप्तरे झाडून, वाण्यांच्या दुकानांत पुड्या बांधायला जाणारे कागद सोडवून आणीत. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. ग्रँट डफने लिहिलेला आपला इतिहास आपल्या कागदांनी तपासण्याची हिंमत त्यामुळे आली. पण राजवाड्यांनाही समुद्राच्या तळाचे दप्तर उघडता आले नाही. मराठ्यांच्या गुराबा कशा बांधलेल्या होत्या? कणा किती लांबीचा, फळ्या एकमेकींना कशा जोडलेल्या, खिळे कोठे आणि दोर कोठे? आपल्या सुतारांनीही व्हाइटहेवनच्या सुतारांप्रमाणे आराखडे लिहून ठेवले नाहीत. विजयदुर्गाच्या त्या दिवसाची तपशीलवार हकीकत आपण आजही मुख्यतः ज्यांनी ते आरमार जाळले त्यांच्याच लेखणीतून वाचतो. त्यांनी आंग्र्यांना चाचे म्हटले. आपण रागावतो, सभा घेतो, निषेध करतो. त्या रागाच्या जोडीला आपल्या सुताराने घडविलेल्या एका फासळीचे माप असते तर युक्तिवाद किती भक्कम झाला असता!

आपल्याकडे हे काम करू शकणारे लोक नाहीत असे नव्हे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री पुरातत्त्वाचा विभाग १९८० च्या दशकापासून काम करीत आहे. डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकेच्या समुद्रात केलेले संशोधन आपल्या वाचकांना चांगले ठाऊक आहे. याच संस्थेच्या संशोधकांनी गोव्याजवळील सुंची खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले आणि विजयदुर्ग परिसरातील दगडी नांगरांची शास्त्रीय नोंद केली. केंद्रीय पुरातत्त्व खात्याची पाण्याखालील शाखा २००१ मध्ये स्थापन झाली. मधल्या काळात ती मंदावली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली तिचे पथक पुन्हा द्वारकेच्या पाण्यात उतरले आणि त्यात महिला पुरातत्त्वज्ञही होत्या, ही अभिमानाची गोष्ट आहे.

वातावरणही अनुकूल आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेच्या प्रेरणेने घडविलेले बोधचिन्ह आले. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार सागरी किल्ले आहेत. गडाच्या तटापर्यंत जागतिक वारसा पोहोचला. मात्र त्या तटाच्या सावलीत ज्या गुराबा नांगरलेल्या असत, त्या भरतीच्या पाण्याखालीच राहिल्या. किल्ला हा आरमारासाठी असतो. आरमाराशिवाय विजयदुर्ग म्हणजे पाते नसलेली म्यान.

पैशाचा आक्षेप नेहमी येतो. शाळांना छप्पर नाही आणि तुम्ही नदीत लाकडे शोधता? पहिल्या टप्प्यातील सर्वेक्षण म्हणजे एक होडी, ध्वनिलहरींचे एक उपकरण, थोडे तज्ज्ञ आणि काही आठवडे. पोलादी कुंपणे बांधण्याचा प्रश्न फार नंतरचा. एखाद्या पुतळ्याच्या अनावरणासाठी उभारलेल्या मांडवाच्या खर्चाशी या खर्चाची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: काहीच सापडले नाही तर? तर ‘सापडले नाही’ एवढे तरी पुराव्यानिशी कळेल, आणि पुढची पिढी त्या प्रश्नात अडकून राहणार नाही. विजयदुर्गाभोवतीच्या पाण्याखालील भिंतीविषयी कितीतरी दंतकथा आपण सांगतो. तिची मोजमापे किती जणांना माहीत आहेत?

खरी घाई वेगळ्याच कारणासाठी आहे. खाडीतील रेती उपसली जाते, जलमार्गासाठी गाळ काढला जातो, यांत्रिक नौकांची जाळी तळ खरवडून जातात. गाळ हा अशा अवशेषांचा रक्षक असतो. तो हलला की जे दोन-अडीच शतके टिकले ते दोन-अडीच वर्षांत नाहीसे होते. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने राज्यांच्या जलतळात रुतलेल्या बेवारस जहाजांची मालकी त्या-त्या राज्याकडे दिली, म्हणजे सापडेल त्याचे ते, हा न्याय संपला. आपल्याकडे पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. तो खाडीच्या तळापर्यंत पोहोचवायचा असेल तर प्रथम तेथे काय आहे हे कोणीतरी नोंदवायला हवे. जे नोंदलेले नाही ते कायद्याच्या दृष्टीने चोरीलाही जात नाही!

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभारली आहे. मालवणच्या आसपासची कितीतरी कोकणी मुले आज पर्यटकांना हाताला धरून समुद्राचा तळ दाखवितात. पाण्याला न घाबरणारी, प्रवाह ओळखणारी ही मुले. त्यांच्यातील वीस-पंचवीस जणांना माप घेणे, पाटीवर रेखाटन करणे, वस्तू न हलविता छायाचित्र टिपणे एवढे शिकविले तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांना किनाऱ्यावरच कुशल हात मिळतील. पर्यटकाला प्रवाळ दाखवून मिळणाऱ्या पैशाइतके मानधन त्यांना द्यावे. देशभक्ती फुकटात करवून घेण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

आणि देवगड, राजापूर तालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पाण्यात उतरण्याचे धाडस करू नये. मिळालेली वस्तू उचलून देवळात वा शाखेच्या खोलीत आणून ठेवू नये. १९३० च्या दशकात यॉर्कला जे झाले ते पुन्हा नको. खाडीत जाळे टाकणाऱ्या वृद्ध मच्छीमारांकडे जावे. तळाशी जाळे कोठे अडकते, कोठे फाटते, ओहोटीला कोठे काळे लाकूड वर दिसल्याचे त्यांच्या वाडवडिलांनी सांगितले होते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ती जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणांच्या रेषेत, त्यांच्याच पद्धतीने, वहीत लिहून घ्यावी. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालावी. दहा वह्या झाल्या की त्यांच्या प्रती गोव्याच्या संस्थेकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे पाठवाव्यात. ज्यांच्या स्मरणात या जागा आहेत ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि ही माणसे पडवीत जाळी विणत बसलेली असतात. तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो.